स्क्रीनवर ४० वॅट, हीटरला कधी ३३ तर कधी ४८: स्थिर पॉवरचं सर्किट का हेलकावतं

सर्किटची मांडणी बहुतेक वेळा सारखीच असते. २४ व्होल्टचा अडॅप्टर, मायक्रोकंट्रोलरने चालवलेला बक कन्व्हर्टर (व्होल्टेज खाली आणणारं सर्किट) किंवा नुसता मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच), १० ओहमच्या आसपासचा हीटर, आणि व्होल्टेज-करंट मोजणारी एक चिप. लोडला, म्हणजे हीटरला, ४० वॅट मिळायला हवेत, लोडचा रेझिस्टन्स बदलो किंवा अडॅप्टरचं व्होल्टेज. म्हणजे साधारण २० व्होल्ट आणि २ अँपिअर.

तक्रारीही ठरलेल्या असतात. स्क्रीनवरचा आकडा दोन किमतींमध्ये नाचतो. किंवा आकडा शांत असतो, पण हीटरचं तापमान पुरवठ्याबरोबर वरखाली होतं. ५ वॅटवर सगळं सुरळीत, ४० वर गेलं की झोके. नाहीतर अडॅप्टर कुईं करतो, बंद पडतो, पुन्हा सुरू होतो. मग मॉस्फेट बदलला जातो, पीआयडीचे (चूक बघून आउटपुट सुधारणाऱ्या नियंत्रकाचे) आकडे रात्रभर फिरवले जातात, शेवटी चिपच खोटी आहे असा निष्कर्ष निघतो. हे चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखं आहे. पॉवर हा दोन राशींचा गुणाकार आहे आणि वरचे जवळपास सगळे दोष त्या गुणाकारातून येतात. पार्ट बदलून ते जात नाहीत.

स्थिर तापमान आणि स्थिर पॉवर या वेगळ्या गरजा आहेत, हे आधी स्पष्ट असू द्या. इस्त्रीला किंवा इन्क्युबेटरला तापमान स्थिर हवं असतं, तिथे थर्मोस्टॅट पुरतो. पण झाडाच्या खोडातला रसप्रवाह मोजणारा ग्रॅनिएर पद्धतीचा प्रोब घ्या. १९८५ साली मांडलेल्या या पद्धतीत खोडात बसवलेल्या सुईला ठरावीक उष्णता, साधारण ०.२ वॅट, सतत दिली जाते आणि तिचं तापमान संदर्भ सुईपेक्षा किती वर आहे त्यावरून प्रवाह काढतात. मातीची उष्णतावाहकता मोजणाऱ्या सुईचंही तसंच. तिथे सूत्रात पॉवर थेट अंशस्थानी बसते, त्यामुळे पॉवर ३ टक्के हलली की उत्तरही ३ टक्के चुकतं. अशा कामात तापमान हे उत्तर असतं, म्हणून ते धरून ठेवता येत नाही. धरायची असते ती उष्णता.

आधी एक साधा उपाय तपासा

कित्येकदा फीडबॅकची गरजच नसते. हीटरच्या सरासरी रेझिस्टन्सएवढाच एक रेझिस्टर त्याच्याशी सिरीजमध्ये लावा आणि दोघांना पक्का रेग्युलेटेड व्होल्टेज द्या. दोन्ही रेझिस्टन्स सारखे असतात तेव्हा लोडला जास्तीत जास्त पॉवर मिळते, आणि आलेखाचं हे शिखर बरंच सपाट असतं. लोड १० टक्के वर किंवा खाली गेला तर पॉवर पाव टक्क्याच्या आसपास कमी होते. २० टक्के हलला तरी घट सव्वा टक्क्याच्या आत. अगदी लोड दुप्पट किंवा निम्मा झाला, तरी ८९ टक्के पॉवर उरते. हाच लोड थेट स्थिर व्होल्टेजवर ठेवला असता तर १० टक्क्यांच्या वाढीला पॉवर ९ टक्क्यांनी पडली असती, आणि स्थिर करंटवर १० टक्क्यांनी वाढली असती.

किंमत एकच: निम्मी पॉवर त्या रेझिस्टरमध्ये जळते. ४० वॅटला हे परवडत नाही. पण ०.२ वॅटच्या प्रोबला २० ओहमचा हीटर, २० ओहमचा चांगला मेटल फिल्म रेझिस्टर आणि स्थिर ४ व्होल्ट एवढंच पुरतं. ना फर्मवेअर (मायक्रोकंट्रोलरमधला प्रोग्रॅम), ना झोके. एक वॅटच्या खालचं काम असेल तर मी दुसरं काही सुचवणारच नाही.

आकडा दोन किमतींमध्ये नाचतो

आता मुख्य दुखणं. फर्मवेअर उघडा आणि पॉवरवरून करंट काढणारी ओळ शोधा. बहुतेक ठिकाणी ती अशी असते:

नवा करंट = हवी असलेली पॉवर ÷ मोजलेलं व्होल्टेज

दिसायला निर्दोष. इथेच ग्यानबाची मेख आहे. १० ओहमच्या हीटरवर हातानं चालवून बघा. समजा करंट या क्षणी २.२ अँपिअर आहे, म्हणजे व्होल्टेज २२. सूत्र सांगतं: ४० भागिले २२, करंट १.८२ करा. केला. व्होल्टेज झालं १८.२. सूत्र सांगतं: ४० भागिले १८.२, करंट २.२ करा. जिथून निघालो तिथेच परत. चूक ना वाढते ना कमी होते, फक्त दर फेरीला बाजू बदलते. हीटरला आळीपाळीनं ४८.४ आणि ३३.१ वॅट मिळत राहतात आणि हे आपोआप कधीच थांबत नाही.

कारण सरळ आहे. रेझिस्टरमध्ये करंट १ टक्का वाढला की व्होल्टेजही १ टक्का वाढतं, आणि सूत्र पुढचा करंट तेवढाच १ टक्का खाली आणतं. सुधारणा चुकीएवढी नाही, चुकीच्या दुप्पट होते. सेट पॉइंट ओलांडून तेवढंच पलीकडे.

हे सहज सापडत का नाही? मल्टिमीटर सरासरी दाखवतो म्हणून. वरच्या उदाहरणात व्होल्टेजची सरासरी २०.१ आणि करंटची २.०१ येते, गुणाकार ४०.४ वॅट. मीटरवर सगळं आलबेल! म्हणून मल्टिमीटर बाजूला ठेवा आणि शंटवर (करंट मोजायला वाटेत घातलेल्या छोट्या रेझिस्टरवर) ऑसिलोस्कोप लावा. स्कोप नसेल तर मोजलेला प्रत्येक करंट सरासरी न काढता सिरीयल पोर्टवर छापा. एकाआड एक दोन किमती दिसल्या की निदान झालं.

आउटपुटला मोठा कपॅसिटर असेल आणि व्होल्टेज सावकाश बदलत असेल, तर प्रत्येक फेरीत बदल अर्धवटच पोचतो आणि झोके विरून जातात. त्यामुळेच एकाच्या टेबलावर चालणारा कोड दुसऱ्याच्या बोर्डावर नाचतो. तो बोर्डाचा दोष समजू नका.

हे सूत्र येतं बॅटरी टेस्टरच्या कोडमधून, आणि तिथे ते बरोबर आहे. बॅटरीतून स्थिर पॉवर ओढताना करंट बदलला तरी व्होल्टेज जेमतेम हलतं, म्हणून एक-दोन फेऱ्यांत आकडा बसतो. एलईडीलाही चालतं, कारण करंट दीडपट केला तरी एलईडीवरचं व्होल्टेज थोडंच वाढतं. रेझिस्टर बरोबर सीमेवर बसतो. टंगस्टन फिलामेंट तर सीमेच्या पलीकडे: करंटबरोबर त्याचा रेझिस्टन्सही वाढतो, व्होल्टेज करंटपेक्षा वेगानं चढतं, आणि फिलामेंटला तापायला वेळ मिळण्याइतकी फेरी संथ असेल तर झोके दर फेरीला मोठे होत जातात.

उपाय एका ओळीचा आहे:

नवा करंट = आत्ताचा करंट × वर्गमूळ (हवी पॉवर ÷ मोजलेली पॉवर)

शुद्ध रेझिस्टरला हे सूत्र एका फेरीत उत्तरावर आणतं. करंट १ अँपिअर, व्होल्टेज १०, पॉवर १० वॅट. ४० भागिले १०, वर्गमूळ २, नवा करंट २ अँपिअर. संपलं. फिलामेंटलाही ते आवरतं. तुम्ही करंटऐवजी व्होल्टेज सेट करत असाल तर करंटच्या जागी व्होल्टेज लिहा, बाकी तेच.

वर्गमूळ काढायला छोटा मायक्रोकंट्रोलर कुरकुरत असेल तर जुना करंट आणि भागाकारातून आलेला करंट यांची सरासरी घ्या. १ आणि ४ ची सरासरी २.५. पुढे २.५ आणि १.६ ची २.०५. मग २.००. वर्गमूळ काढण्याची ही फार जुनी रीत आहे. बख्शाली हस्तलिखित या प्राचीन भारतीय गणितग्रंथातलं वर्गमूळाचं सूत्र म्हणजे याच रीतीच्या सलग दोन पायऱ्या.

दोन पथ्यं मात्र पाळा. सुरुवात शून्यापासून करू नका, नाहीतर भागाकारात शून्य येईल, ०.२ अँपिअरसारख्या छोट्या करंटपासून निघा. आणि एका फेरीत करंट दुपटीपेक्षा जास्त वाढू देऊ नका, निम्म्याखाली पडू देऊ नका. थंड फिलामेंटचा रेझिस्टन्स तापलेल्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी असू शकतो, तेव्हा करंटवर स्वतंत्र कमाल मर्यादा हवीच.

एक अपवाद लक्षात असू द्या. मधे कॉइल-कपॅसिटर नसेल आणि मॉस्फेट हीटरला थेट पीडब्ल्यूएमनं (ठरावीक आवर्तनात झपाट्यानं) चालू-बंद करत असेल, तर पॉवर ड्यूटीच्या, म्हणजे आवर्तनातल्या चालू वेळेच्या हिश्शाच्या, सरळ प्रमाणात वाढते, वर्गाच्या नाही. तिथे वर्गमूळ घ्यायचं नाही: नवी ड्यूटी = आत्ताची ड्यूटी × हवी पॉवर ÷ मोजलेली पॉवर.

आकडा शांत, हीटर मात्र पुरवठ्याबरोबर हलतो

हा दोष पहिल्यापेक्षा लबाड, कारण स्क्रीनवर काहीच दिसत नाही. थेट पीडब्ल्यूएमच्या सर्किटमध्ये व्होल्टेज आणि करंट दोन्हींना आरसी फिल्टर (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लावतात, दोन्हींची गुळगुळीत सरासरी घेतात आणि गुणाकार करतात. पण सरासऱ्यांचा गुणाकार म्हणजे गुणाकाराची सरासरी नव्हे. हीटर तापतो तो दुसरीनं.

२४ व्होल्टवर १० ओहमचा हीटर पूर्ण चालू ठेवला तर ५७.६ वॅट. त्यातून खरे ४० मिळवायला ड्यूटी सुमारे ६९ टक्के लागते. त्या वेळी सरासरी व्होल्टेज १६.७, सरासरी करंट १.६७, गुणाकार फक्त २७.८. लूपला, म्हणजे मोजून आउटपुट सुधारत राहणाऱ्या फीडबॅकच्या साखळीला, हे कमी वाटतं, म्हणून ती ड्यूटी ८३ टक्क्यांवर नेते. आता स्क्रीनवर ४० आणि हीटरला ४८ वॅट. संध्याकाळी अडॅप्टरऐवजी उतरत आलेली बॅटरी लावली आणि पुरवठा २२ व्होल्ट झाला, तर ड्यूटी ९१ टक्के होते, स्क्रीनवर अजूनही ४०, हीटरला ४४. खरी पॉवर पुरवठ्याच्या प्रमाणात घसरते आहे आणि लूप समाधानी आहे.

सुटकेचे मार्ग तीन. कॉइल आणि कपॅसिटर घालून लोडला खरा डीसी द्या, मग दोन्ही सरासऱ्या बरोबर ठरतात. किंवा मॉस्फेट चालू असतानाच व्होल्टेज आणि करंट मोजा, त्यांचा गुणाकार करा आणि ड्यूटीनं गुणा. तिसरा मला सर्वांत आवडतो: व्होल्टेज लोडवर न मोजता पुरवठ्यावर मोजा. दोन राशींपैकी एक स्थिर असेल तर सरासऱ्यांचा गुणाकार अचूक येतो, आणि पुरवठा पीडब्ल्यूएमच्या एका आवर्तनात जवळपास स्थिरच असतो. मॉस्फेटमधली थोडी उष्णता या मोजणीत धरली जाते, तेवढी वजा करा.

व्होल्टेज-करंट मोजायला आयएनए२२६ वापरत असाल तर आणखी एक बघा. ही चिप आधी शंटवरचं व्होल्टेज मोजते, मग बसचं, म्हणजे मुख्य लाइनचं व्होल्टेज, आणि मूळ सेटिंगला प्रत्येक मोजणीला १.१ मिलिसेकंद लागतात. पीडब्ल्यूएम १ किलोहर्ट्झचा असेल तर एका मोजणीत एक आवर्तन आणि पुढच्याचा थोडा तुकडा येतो, आणि तो तुकडा दर वेळी वेगळा. आकडा सावकाश तरंगतो. पीडब्ल्यूएम २० किलोहर्ट्झच्या वर न्या किंवा चिपमधली सरासरी ६४ नमुन्यांची करा.

मोजणीच खोटी

याच चिपचं मॉड्यूल लॅमिंग्टन रोडवरून किंवा बुधवार पेठेतून आणलं असेल तर त्यावरच्या शंटचे अंक वाचा. आर१०० लिहिलं असेल तर तो ०.१ ओहमचा. चिपची शंटची मर्यादा ८१.९२ मिलिव्होल्ट आहे, म्हणजे ०.८२ अँपिअरच्या पुढे ती आंधळी. हीटरमधून २ अँपिअर गेले तरी ती ०.८२ च सांगणार, आणि पॉवर कमी पडते आहे असं समजून लूप आउटपुट पार वर नेऊन ठेवणार. २.४ अँपिअरपर्यंत मोजायला ०.०३ ओहमचा शंट लावा आणि कॅलिब्रेशनचा आकडा त्याप्रमाणे बदला. “सेट काहीही करा, हीटर पूर्ण चालतो” या तक्रारीमागे हे कारण असण्याची शक्यता बरीच.

व्होल्टेज हीटरच्या टोकांवरून घ्या, बोर्डावरून नव्हे. ०.७५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर मीटरला सुमारे २३ मिलिओहम असते. हीटर २ मीटर दूर असेल तर जाऊन-येऊन ०.०९ ओहम. १० ओहमच्या हीटरला हा एक टक्का, पण १ ओहमच्या हीटरला ९ टक्के. व्होल्टेज मोजायला दोन बारीक वायरी वेगळ्या न्या. त्यांच्यातून करंट जवळजवळ वाहतच नसल्यानं लांबीचा त्रास होत नाही.

मायक्रोकंट्रोलरशिवाय, एडी६३३ सारख्या ॲनालॉग मल्टिप्लायरवर सर्किट असेल तर ऑफसेट (इनपुट शून्य असतानाही आउटपुटला येणारं व्होल्टेज) तपासा. ही चिप दोन इनपुटचा गुणाकार करून १० व्होल्टनं भागते आणि तिचा आउटपुट ऑफसेट ५० मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. शंटचे ०.२ व्होल्ट तसेच दिले आणि व्होल्टेजची बाजू १० व्होल्ट असली, तर उत्तर येतं ०.२ व्होल्ट. त्यात ५० मिलिव्होल्टचा घोळ म्हणजे २५ टक्के. शंटचा सिग्नल आधी ऑप-अँपनं वाढवून १० व्होल्टच्या जवळ आणा. तोच घोळ अर्ध्या टक्क्यावर येतो. मल्टिप्लायरनंतर कितीही गेन दिला तरी ऑफसेटही सोबत वाढतो, त्यामुळे वाढवायचं ते आधीच.

५ वॅटवर शांत, ४० वर झोके

लूप इंटिग्रेटरची (चूक साठवत जाऊन आउटपुट हलवणारी) असेल आणि ती व्होल्टेज हलवत असेल, तर व्होल्टेज १ व्होल्टनं बदलल्यावर पॉवर किती बदलते हे दर ठिकाणी वेगळं असतं. १० ओहमवर ५ व्होल्टला हा फरक सुमारे १ वॅट, २० व्होल्टला ४ वॅट. म्हणजे खाली जुळवलेली लूप वर चौपट तापट होते. जुळवणी नेहमी सर्वांत जास्त पॉवरवर करा. खाली ती संथ वाटेल, ते चालतं.

पुरवठा पुरेसा आहे का तेही बघा. २४ व्होल्टवर ४० वॅट फक्त १४.४ ओहमपर्यंत मिळू शकतात. त्यापुढे गणितच संपतं. त्या वेळी इंटिग्रेटर मागे साठत राहिला तर लोड पूर्ववत झाल्यावर पॉवर उसळते, म्हणून आउटपुट कमाल मर्यादेला टेकलं की इंटिग्रेटर थांबवा. घरच्या २३० व्होल्टवर हाच मुद्दा जास्त बोचतो: १००० वॅटचा हीटर २०० व्होल्टला ७५६ वॅटच देतो, कोणतंही सर्किट लावा. गावाकडे चालवायचं असेल तर हीटर गरजेपेक्षा दीडपट मोठा घ्या आणि सर्किटला तो कमी करू द्या.

अडॅप्टर कुईं करतो आणि बंद पडतो

स्थिर पॉवर देणारा कन्व्हर्टर पुरवठ्याकडूनही स्थिर पॉवर ओढतो. व्होल्टेज पडलं की तो जास्त करंट मागतो. साध्या रेझिस्टरच्या हे उलट आहे, आणि २४ व्होल्ट-४० वॅटला त्याचा हिशेब उणे १४.४ ओहम येतो. लांब वायरीचा इंडक्टन्स आणि बोर्डावरचे सिरॅमिक कपॅसिटर मिळून जो झोका घेतात, त्याला हा उणे रेझिस्टन्स खतपाणी घालतो. पॉवर इलेक्ट्रॉनिक्सचे संशोधक मिडलब्रुक यांनी १९७६ मध्ये इनपुट फिल्टरबद्दल जी अट मांडली ती याचसाठी.

इनपुटला ४७० मायक्रोफॅरडचा साधा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावा. त्याच्या आतला थोडा रेझिस्टन्स इथे उपयोगाचा आहे, तो झोका शोषतो. म्हणून महागडा कमी रेझिस्टन्सवाला मुद्दाम घेऊ नका. पॉवर एकदम न मागता अर्ध्या-एका सेकंदात चढवा. आणि पुरवठा २० व्होल्टखाली गेला तर कन्व्हर्टर बंद, २२ च्या वर आला की चालू, अशी मर्यादा ठेवा. नाहीतर अडॅप्टर दमतो, व्होल्टेज पडतं, कन्व्हर्टर आणखी ओढतो, आणि दोघं एकमेकांना खाली खेचत राहतात.

खात्री कशी कराल

ज्या चिपनं लूप चालते तिच्याच आकड्यानं लूप तपासू नका. १० आणि १२ ओहमचे मोठे वायरवाउंड रेझिस्टर घ्या, पुरवठा २३, २४ आणि २६ व्होल्ट ठेवा, आणि सहाही जोड्यांना पॉवर वेगळ्या मीटरनं मोजा. १२ ओहमला ४० वॅटसाठी जवळपास २२ व्होल्ट लागतात, त्यामुळे २३ ला लूप काठावर येते. दोष असेल तर तिथे दिसेल.

थेट पीडब्ल्यूएम असेल तर मीटरही फसतो. तेव्हा रेझिस्टर किंवा वॉटरप्रूफ हीटर थर्मासमध्ये अर्धा लिटर पाण्यात बुडवा, टोकं नीट झाकून, आणि १० मिनिटं चालवा. ४० वॅट खरे असतील तर पाणी साडेअकरा अंशांच्या आसपास तापेल, थर्मासची आणि हीटरची स्वतःची उष्णता धरून थोडं कमी. ढवळत राहा, आणि सुरुवातीचं पाणी खोलीपेक्षा पाच-सहा अंश थंड घ्या म्हणजे बाहेर जाणारी आणि आत येणारी उष्णता बरीचशी एकमेकींना पुसते. हीच चाचणी २२ व्होल्टवर पुन्हा करा. दोन्ही वेळा तापमानवाढ सारखी आली नाही तर सरासऱ्यांच्या गुणाकाराकडे परत जा. सारखीच पण दोन्हीकडे चुकलेली आली तर शंटचं कॅलिब्रेशन बघा.